मागच्या अ‍ॅक्सलचा पाठभेद

एखाद्या संहितेचे मूळ रूप कोणते, हा प्रश्न साहित्याच्या वर्गात मी तीस वर्षे विचारत आलो. त्याचे उत्तर देण्याची एक ठरावीक पद्धतही माझ्याकडे होती. सर्वांत जुनी प्रत शोधावी, नंतरचे हात ओळखावेत, ते बाजूला सारावेत, आणि जे उरेल त्याला प्रमाण मानावे. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर हाच प्रश्न मला एडवणच्या आमच्या वाडीत, नारळाच्या झावळ्यांवर उताणे पडून, एका जुन्या जीपच्या खाली विचारावा लागला. तिथे माझी पद्धत फार काळ टिकली नाही. ती का टिकली नाही, याची ही हकिगत आहे.

एडवण हे पालघर तालुक्यातले समुद्रकाठचे गाव. उत्तरेला केळवे-माहीम, दक्षिणेला कोरे आणि दातिवरे, आणि रेल्वे गाठायची तर सफाळे. आशापुरी देवीच्या देवळामुळे बाहेरच्यांना गावाचे नाव ठाऊक असते, एरवी नसते. आमची वाडी केळीची, नारळाची आणि काही वर्षे पानवेलींची. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, 1974 साली एक वापरलेली जीप घेतली ती या वाडीसाठी. पण ती लवकरच साऱ्या गावाची झाली. पहाटे पानांचे करंडे सफाळ्याच्या गाडीला, दिवसा सुरूची लाकडे, रात्री एखादी अडलेली बाई. आणि ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर. होड्या लागल्या की मासळीच्या पाट्या वाळूतून रस्त्यापर्यंत आणायचे काम ती करी. ओल्या वाळूवर चारही चाके फिरवीत येणारी जीप आणि तिच्या मागे धावणारी आम्ही मुले, हे माझ्या बालपणाचे सर्वांत ठळक चित्र आहे.

जीप महिंद्राची, सीजे-3बी. विलीज कंपनीने हा नमुना अमेरिकेत 1953 साली आणला आणि 1968 पर्यंत तयार केला. आपल्याकडे महिंद्राने तो परवान्याने पुढे बराच काळ चालू ठेवला. उंच नाकाडामुळे तो ओळखू येतो. पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर अवघे 80 इंच, तीन गिअरांचा गिअरबॉक्स, चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन. अण्णा 2011 साली गेले. नंतर दादाने काही वर्षे ती चालवली, मग एका जागी उभी केली. समुद्राचा खारा वारा पत्र्याला दयामाया दाखवीत नाही. पुतण्याने ती पुन्हा रस्त्यावर आणायचे मनावर घेतले तेव्हा तिची चासी शाबूत होती, इंजिन मोकळे फिरत होते, आणि मोठा प्रश्न उरला तो मागच्या अ‍ॅक्सलचा.

अ‍ॅक्सल म्हणजे दोन चाकांना जोडणारा दांडा, एवढीच माझी समजूत होती. बोईसरच्या मिस्त्रींनी ती दुरुस्त केली. लोखंडी नळीच्या पोटात एक मोठे दातेरी चक्र असते, क्राउन. त्याला फिरवणारे छोटे चक्र म्हणजे पिनियन. इंजिनाकडून येणारा प्रोपेलर शाफ्ट पिनियनला फिरवतो, पिनियन क्राउनला, क्राउन चाकांना. क्राउनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागले की जो आकडा येतो, त्यावर गाडीचा स्वभाव ठरतो. सीजे-3बीच्या क्राउनला 43 दात असतात आणि पिनियनला 8, म्हणजे 5.38. चाकाच्या एका फेरीसाठी शाफ्टच्या पाचांहून अधिक फेऱ्या. अशी गाडी चिखलातून, वाळूतून, चढावरून जोर लावून निघते, पण सपाट रस्त्यावर लवकर दमते. आकडा लहान झाला की जोर कमी होतो आणि धाव वाढते. दोन्ही एकदम मिळत नाहीत.

आमच्या अ‍ॅक्सलला वेगात एक गुणगुण होती आणि उजव्या चाकाकडून तेल गळत होते. मिस्त्रींनी दोन वाटा सांगितल्या. पहिली, आहे तेच हाउसिंग ठेवून आतले सारे कंपनीच्या मूळ मापाने नवे बसवायचे. दुसरी, अलीकडच्या एखाद्या गाडीचा आख्खा अ‍ॅक्सल आणायचा. त्याचे ब्रेक मोठे, धाव चांगली. पण जीपच्या मागच्या अ‍ॅक्सलचा गोळा मधोमध नसतो, तो उजवीकडे सरकलेला असतो, कारण शाफ्टच उजवीकडून येतो. इतर बहुतेक गाड्यांचा गोळा मधोमध असतो. तो इथे बसवायचा तर छोटा शाफ्ट वाकडा चालणार, त्याचे सांधे झिजणार. शिवाय नव्या अ‍ॅक्सलची रुंदी जास्त, म्हणजे चाके मडगार्डबाहेर डोकावणार.

पुतण्याला दुसरी वाट मोहात पाडत होती. अमेरिकेतल्या 'हॉट रॉड'वाल्यांच्या चित्रफिती त्याने पाहिल्या होत्या. जुन्या फोर्डच्या सांगाड्यात दांडगे इंजिन बसवणारी ही मंडळी मागच्या अ‍ॅक्सलवर मोठा खल करतात. फोर्डने 1957 साली आणलेला नऊ इंची क्राउनचा अ‍ॅक्सल त्यांच्यात अजून मानाचा आहे. त्यांच्या कोड्याला मात्र सरळ उत्तर असते. इंजिनाचा जोर झेपला पाहिजे आणि चाके बसली पाहिजेत. मूळ रूपाशी त्यांनी आधीच काडीमोड घेतलेला असतो.

मी अर्थातच पहिल्या वाटेचा. मूळ ते मूळ. मला त्यासाठी कायद्याचा आधारही सापडला होता. केंद्र सरकारने 2021 साली जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली गाडी मूळ रूपात राखलेली असेल, तिच्या चासीत, बॉडीत वा इंजिनात मोठा बदल केलेला नसेल, तर तिची 'विंटेज' म्हणून नोंद होते. अण्णांची जीप त्या मानाची धनी व्हावी, असे मला वाटे. दादाने शांतपणे विचारले, "त्या नोंदणीवर मी केळी नेऊ शकेन का?" रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती चालत नाही, प्रदर्शनाला आणि फेरीला चालते, हे मला कबूल करावे लागले. दादा म्हणाला, "मग ती तुझी गाडी होईल. माझी नाही."

मूळ मापाचे क्राउन-पिनियन मागवण्याआधी मिस्त्रींनी आहे ते मोजायला सांगितले. मोजण्याची रीत साधी आहे. गिअर न्यूट्रलला ठेवायचा. मागचे एक चाक जमिनीवर, त्याला अटकाव, दुसरे जॅकवर अधांतरी. शाफ्टवर आणि हाउसिंगवर खडूची खूण. मग अधांतरी चाक बरोबर दोन फेऱ्या फिरवायचे आणि शाफ्टच्या फेऱ्या मोजायच्या. एक चाक थांबलेले असल्यामुळे दोन फेऱ्यांत क्राउन एकदा फिरतो. पुतण्या चाक फिरवीत होता, मी खाली पडून मोजत होतो. पाच फेऱ्या आणि वर तिसऱ्या हिश्श्याहून थोडे अधिक, असे यायला हवे होते. पाचवी फेरी पूर्ण होण्याआधीच चाक थांबले. आम्ही तीनदा मोजले. मग मागचे झाकण उघडून, तेल काढून, दात मोजले. क्राउनला 39 आणि पिनियनला 8. म्हणजे 4.88.

"हे कंपनीचं नाही," मिस्त्री म्हणाले. "कोणीतरी बदललंय, सर. आणि पुढचं?" पुढचे हाउसिंग उघडले. तिथे 43 आणि 8, तळाशी गंजाचा चिखल आणि बोटांना लागणारी बारीक वाळू. गरम अ‍ॅक्सल थंड पाण्यात शिरला की तो वरच्या भोकातून पाणी ओढून घेतो. तसे समुद्राचे पाणी त्याने अनेकदा प्यायले होते. मागच्या हाउसिंगमध्ये मात्र वाळूचा कण नव्हता.

मिस्त्रींनी जे पुढे सांगितले त्याने आमच्या घरातला एक जुना समज मोडला. पुढचा आकडा 5.38 आणि मागचा 4.88 असेल तर चारही चाके एकत्र चालवता येत नाहीत. दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने फिरतात, पण पुढची चाके मागच्यांपेक्षा हळू फिरू पाहतात. एक जोडी पुढे रेटते, दुसरी अडवते, आणि कुठेतरी काहीतरी तुटते. म्हणून ज्याने मागचे दात बदलले त्याने पुढचा शाफ्ट उतरवून ठेवला असणार, कोणी चुकून लिव्हर ओढू नये म्हणून. आमच्या जीपला पुढचा शाफ्ट नव्हता, हे आम्ही पाहत आलो होतो. तो गंजून गेला, भंगारात विकला, असे काहीसे आम्ही मानले होते.

दादा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "आई आजारी पडली आणि अण्णांनी समुद्रावर गाडी न्यायचं सोडलं. आम्ही म्हणायचो, त्यांचं मन राहिलं नाही." हे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा म्हटले गेले होते की त्यात तपासण्यासारखे काही आहे असे कोणाला वाटले नव्हते. मीही ते वर्गात उदाहरण म्हणून सांगितले आहे. दुःखामुळे माणूस सवयीच्या सुखापासून कसा दूर होतो, पात्राच्या एका कृतीतून त्याचे अंतरंग कसे कळते, वगैरे. प्रत्यक्षात त्या गाडीला वाळूवर जाताच येत नव्हते.

अण्णांच्या हिशोबाच्या वह्या माळ्यावर होत्या. वाळवीने काही खाल्ल्या होत्या, 1986 ची शाबूत होती. ऑक्टोबरच्या पानावर त्यांच्या उभट अक्षरात ओळ सापडली: 'जीप. मागील क्राउन-पिनियन बदलले. पुढील शाफ्ट उतरवला. जुने जपून.' पुढे रक्कम. कारणाचा उल्लेख नाही. हिशोबाच्या वहीत कारण लिहीत नाहीत.

ते आम्हीच लावले. त्या सप्टेंबरात आईच्या आजाराचे निदान झाले होते. परळला शेक देण्यासाठी तिला न्यावे लागे, सुरुवातीला आठवड्यातून अनेकदा. विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल 2013 साली सुरू झाल्या. तेव्हा मोजक्या गाड्या, त्यांत उभे राहायलाही जागा नसे, आणि शेक घेतलेल्या बाईला उभे राहवत नसे. म्हणून जीप. एडवणहून सफाळे, तांदूळवाडीचा घाट, वरईला महामार्ग, मग वसईच्या खाडीवरचा पूल ओलांडून मुंबई. तेवढेच परत.

मी कागदावर आकडेमोड केली. त्या जीपच्या टायरचे माप धरले तर ताशी 60 किलोमीटर वेगाला 5.38 वर इंजिन मिनिटाला सुमारे 2,370 फेऱ्या करते, 4.88 वर सुमारे 2,150. फरक मिनिटाला 220 फेऱ्यांचा. तो फार नव्हे. पण तीन तासांच्या वाटेवर ते सुमारे 40,000 फेऱ्या कमी होतात. तेवढी घरघर कमी, तेवढी थरथर कमी. उघड्या जीपच्या पुढच्या बाकावर उशी घेऊन बसलेल्या आजारी माणसाला तेवढे कमी. त्यासाठी अण्णांनी समुद्र सोडला होता. दोन्ही एकदम मिळत नाहीत, हे त्यांना मिस्त्रींकडून शिकावे लागले नसणार.

इथे माझी बाजूही सांगितली पाहिजे. 1986 साली मी मुंबईत वसतिगृहात राहून एम.ए. करत होतो. परळ तिथून बसने अर्ध्या तासावर. मी रुग्णालयात जात असे, पण रोज नाही, आणि संध्याकाळी जीप परत निघाली की मी खोलीवर जाऊन वाचायला बसे. त्या जीपमधून आईबरोबर एकदाही एडवणला गेलो नाही. दादा तेव्हा तारापूरच्या कारखान्यात पाळीवर होता, तरी सुट्टीच्या दिवशी तो जाई, आईला धरून मागे बसे. आई फेब्रुवारी 1988 मध्ये गेली. ज्या गाडीच्या मूळ रूपासाठी मी भांडत होतो ते रूप ऑक्टोबर 1986 च्या आधीचे होते. मला माझ्या बालपणाची जीप हवी होती. मधली दीड वर्षे गाळलेली.

दुसऱ्या दिवशी पुतण्याला माळ्यावर पोत्यात गुंडाळलेला शाफ्ट सापडला, ग्रीस लावलेला. त्याच्या शेजारी पत्र्याचा डबा. डब्यात ग्रीसमध्ये बुडवलेले क्राउन आणि पिनियन, 43 आणि 8. फडक्याने पुसल्यावर दात स्वच्छ निघाले.

माझ्या पक्षाला एवढा मोठा पुरावा मिळेल असे मला वाटले नव्हते. मूळ वस्तू, आणि तीही कर्त्याने स्वहस्ते राखलेली. मी दादाला म्हटले, "अण्णांना परत बसवायचं होतं. नाहीतर जपलं कशाला असतं?" दादा म्हणाला, "बसवायचं असतं तर बसवलं असतं. आईनंतर तेवीस वर्षं होते ते."

दोन्ही वाचने खरी आहेत आणि दोन्ही एकाच डब्यावर उभी आहेत. जपून ठेवले, म्हणजे आई बरी होईल आणि समुद्रावर जाता येईल अशी आशा होती. परत बसवले नाही, म्हणजे आशा संपल्यावरही जे आशेपायी केले ते पुसायचे नव्हते. की नुसता आळस? की पैसे? वही पुढे गप्प आहे.

ज्ञानेश्वरीच्या इतिहासात आपण दोन टोकांच्या भूमिका शिकवतो. एकनाथांनी 1584 साली तिच्या प्रचलित प्रतींतले अपपाठ दूर करून पाठ शुद्ध केला, आणि वारकऱ्यांच्या मुखी तो रुजला. इतिहासाचार्य राजवाड्यांनी 1909 साली आपल्याला मिळालेली प्रत एकनाथपूर्व आहे असे सांगून ती छापली. राजवाड्यांच्या बाजूचा मी नेहमीच होतो. नंतरच्या हाताविषयी मला संशय असे. पण त्या वादात नंतरचा हात दुसऱ्याचा असतो. कर्त्यानेच आपला पाठ बदलला, जुना खोडून न टाकता शेजारी ठेवला, आणि अखेरचा शब्द न सांगता तो गेला, तर संपादकाने काय करावे? पाठचिकित्सेच्या पुस्तकांत लेखकाच्या अंतिम इच्छेचा नियम असतो. इथे अंतिम इच्छाच दोन तोंडांची आहे. शिवाय माझ्या पद्धतीत एका माणसाला जागाच नव्हती. त्या संहितेचा वाचक नसून ती रोज वापरणारा, झिजवणारा, तिच्यावर पोट भरणारा माणूस, म्हणजे दादा.

शेवटी निर्णय त्याने घेतला आणि तो वादासारखा घेतलाच नाही. मिस्त्रींनी विचारले, "मग कुठलं बसवू?" दादा म्हणाला, "जे आहे ते." मी एक तडजोड सुचवून पाहिली. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जिपांना पुढेमागे 4.88 च असे, आणि त्यांच्या पुढच्या अ‍ॅक्सलचे दात याला चालतात. तसा एखादा जुना संच मिळाला तर पुढचे बदलून अण्णांचे मागचे राखता येईल आणि चारही चाके पुन्हा चालतील. दादा हसला. "समुद्रावर कोण जातंय आता? आणि किनाऱ्यावर गाड्या घालू नयेतच."

39 दातांचे क्राउन तपासले तेव्हा दात चांगले निघाले. गुणगुण बेअरिंगांची होती. मिस्त्रींनी बेअरिंग आणि सील नवे घातले, पातळ चकत्या घालून-काढून पिनियनची खोली जुळवली, दातांवर तेलात कालवलेला रंग लावून क्राउन फिरवला, आणि रंग दाताच्या कोणत्या भागावर पुसला गेला आहे ते कंदिलासारखा दिवा धरून वाचले. वाचले हाच शब्द बरोबर आहे. ठसा टोकाला सरकला तर एक चकती जास्त, मुळाशी सरकला तर एक कमी. तीनदा खोलले आणि तीनदा जुळवले. घाई केली नाही. मी एवढ्या सावकाशीने कुठली प्रत तपासली असेल असे मला आठवत नाही. ब्रेक नवे टाकले. त्याबाबत मूळ-अमूळ असा प्रश्न कोणी काढला नाही.

दसऱ्याला आम्ही दोघे जीप घेऊन वरईच्या नाक्यापर्यंत गेलो. तांदूळवाडीच्या घाटात तिला दुसऱ्या गिअरवर यावे लागले. 5.38 असते तर कदाचित ती तिसऱ्यावर चढली असती. महामार्गाला लागल्यावर दादाने वेग 60 वर आणला आणि तिथेच ठेवला. आम्हाला एकमेकांशी बोलता येत होते, आवाज न चढवता. काही अंतर गेल्यावर दादा म्हणाला, "इथपर्यंत आलं की आई झोपायची." मी काही बोललो नाही. मला ते माहीत नव्हते.

विंटेज नोंदणीचा अर्ज मी केला नाही. 43 दातांचा डबा माळ्यावर परत ठेवला आहे, शाफ्टही. ग्रीस सुकते म्हणून वर्षातून एकदा ते पुसून नवे लावायचे, हे काम मी मागून घेतले. वहीत अण्णांच्या त्या ओळीखाली बरीच जागा मोकळी होती. दादाने तिथे तारीख घालून लिहिले: 'मागील बेअरिंग, सील नवे. क्राउन-पिनियन तेच.' रक्कम लिहिली. कारण लिहिले नाही.